रेडिओ कंट्रोल ऑटोजायरो आणि जुन्या विमानांचे मेळावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये मे महिना उजाडला की गवती धावपट्ट्यांवर मॉडेल विमानांचे मेळावे सुरू होतात आणि सप्टेंबरपर्यंत चालतात. त्यातल्या काहींमध्ये ऑटोजायरो (डोक्यावर वाऱ्याने फिरणाऱ्या पात्यांचं, म्हणजे रोटरचं, उडतं यंत्र) आणि जुन्या काळातली विमानं यांचाच मान मोठा असतो. लंडन, स्लाव, लेस्टर भागातली मराठी मंडळी, उन्हाळ्यात मुलांकडे राहायला आलेले आई-वडील आणि इकडे पुण्या-नागपूरकडचे हौशी उडवणारे या मेळाव्यांबद्दल पुन्हा पुन्हा विचारत असतात. त्यांना दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तो विषय दोन ओळींत सांगून समजत नाही.

मेळाव्यात नेमकं काय चालतं?

सकाळी गाड्या येतात, डिकीतून पंख, रोटर आणि खोकी बाहेर निघतात, आणि गवतावर मॉडेल जोडायचं काम सुरू होतं. मॉडेल ठेवायची जागा वेगळी, उडवणाऱ्यांनी उभं राहायची रेषा वेगळी आणि प्रेक्षकांची दोरी वेगळी. उडवणारे ओळीने उभे राहतात, आपला नंबर आला की उड्डाण करतात. बक्षिसं असलीच तर ती गौण. बहुतेक जण दुसऱ्याचं रोटर हेड (पाती जिथे जोडलेली असतात तो भाग) वाकून बघायला आणि आपलं दाखवायला आलेले असतात. एखाद्याने तीन वर्षं खपून बांधलेलं विमान पाच मिनिटं उडतं आणि त्यावर तासभर बोलणं होतं. मला मेळाव्याचा हाच भाग सर्वात मोलाचा वाटतो. ऑटोजायरोची बरीचशी विद्या अजूनही हातातून हातात जाते. पाती किती अंशात बसवायची, बिजागरी किती सैल ठेवायची, हे शेजारी उभं राहून पाहिलं की लवकर कळतं.

ऑटोजायरो म्हणजे हेलिकॉप्टरच ना?

नाही. हेलिकॉप्टरचा वरचा रोटर इंजिन फिरवतं. ऑटोजायरोत इंजिन फक्त प्रोपेलर फिरवून यंत्र पुढे ढकलतं किंवा ओढतं. वरच्या रोटरला उड्डाणात इंजिनाची कसलीच जोडणी नसते. रोटर किंचित मागे कललेला असतो, समोरची हवा त्याच्या खालून वर जाते आणि पाती आपोआप फिरत राहतात. जत्रेतलं भिरभिरं हातात धरून पळालं की फिरतं, तसंच. फरक एवढाच की इथे फिरणारी पातीच सगळं वजन उचलून धरतात.

यातून दोन गोष्टी निघतात. ऑटोजायरो बिनवाऱ्याच्या हवेत एका जागी तरंगू शकत नाही, त्याला पुढे जात राहावंच लागतं. पण इंजिन बंद पडलं तरी रोटर थांबत नाही. यंत्र हळूहळू खाली येतं आणि चार पावलांत टेकतं.

हे यंत्र कुणाचं?

स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वाचं. जन्म १८९५, मुर्सियाचा. विमानं वेग कमी झाल्यावर स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल संपून, पडतात; म्हणून कमी वेगातही न पडणारं यंत्र त्याला हवं होतं. १९२० पासून त्याने एकामागून एक यंत्रं बांधली आणि पहिली तिन्ही उडालीच नाहीत. वेग घेतला की यंत्र एका बाजूला कलंडायचं.

यातली पुढची गोष्ट प्रत्येक मॉडेल बांधणाऱ्याला ठाऊक असायला हवी. सिएर्वाचं रबराच्या पिळावर उडणारं छोटं मॉडेल मात्र व्यवस्थित उडत होतं. मॉडेलच्या पात्यांचा कणा वेताचा, लवचीक होता. मोठ्या यंत्राची पाती ताठ होती. वेत वाकत होता, म्हणून दोन्ही बाजूंची उचल आपोआप सारखी होत होती. हे लक्षात आल्यावर त्याने मोठ्या यंत्राच्या पात्यांना मुळाशी बिजागरी दिली, म्हणजे प्रत्येक पातं स्वतंत्रपणे वर-खाली हलू लागलं. जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळ हेताफे इथे त्याचं सी-४ हे यंत्र उडालं. आज जगातलं बहुतेक प्रत्येक हेलिकॉप्टर कुठल्या ना कुठल्या रूपात हीच युक्ती वापरतं. आणि तिची वाट एका हातभर मॉडेलने दाखवली होती. मॉडेल उडवणं हा पोरखेळ आहे असं कुणी म्हटलं की मी ही गोष्ट सांगतो.

पुढे तो इंग्लंडमध्ये आला. १८ सप्टेंबर १९२८ रोजी त्याने स्वतः सी-८एल उडवत क्रॉयडनहून इंग्लिश खाडी ओलांडून पॅरिसजवळचं ल बुर्जे गाठलं. १९३३ च्या सुमारास आलेल्या सी-३० मध्ये छोटे पंख आणि एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेचे हलते भाग) गेले; वैमानिक थेट रोटरच कलवून यंत्र वळवू लागला. आजची बहुतेक मॉडेलं याच पद्धतीने चालतात. ९ डिसेंबर १९३६ रोजी क्रॉयडनच्या धुक्यात एका प्रवासी विमानाला अपघात झाला आणि त्यात प्रवासी म्हणून बसलेला सिएर्वा गेला. वय ४१.

जुनं विमान म्हणजे किती जुनं?

इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. एक, जुन्या खऱ्या विमानांची प्रमाणबद्ध मॉडेलं: ब्लेरिओ, टायगर मॉथ, पस मॉथ, पहिल्या महायुद्धातली दुपंखी विमानं. मॉडेल कालच बांधलेलं असेल, पण ज्याचं मॉडेल आहे ते विमान जुनं. दुसरी, जी मॉडेलंच जुनी आहेत ती, म्हणजे १९५० अखेरपर्यंत आराखडा प्रसिद्ध झालेली. ब्रिटनमध्ये व्हिंटेज मॉडेल म्हणताना साधारण हीच मर्यादा धरतात. कील क्राफ्टचं ज्युनियर ६० हे त्यातलं सर्वांत लाडकं: १९४६ चा आराखडा, पंखांचा विस्तार ६० इंच, म्हणजे सुमारे १५२ सेंटिमीटर. मुळात ते रेडिओविना मोकळं सोडायचं मॉडेल. आता त्यात सुकाणू, एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा हलता भाग) आणि मोटर यांचा रेडिओ बसवून लोक ते निवांत उडवतात. मेळाव्यात दोन्ही जमाती शेजारी शेजारी असतात.

मग ऑटोजायरो आणि जुनी विमानं एकाच मेळाव्यात कशासाठी?

कारण दोघांनाही सावकाश उडायचं असतं, आणि वाऱ्याबाबत दोघांच्या गरजा एकमेकांच्या उलट असतात. जुन्या विमानांच्या मॉडेलांचे पंख मोठे, वजन कमी. त्यांना सकाळची आणि संध्याकाळची निवांत हवा लागते. खऱ्या विमानांचंही तेच. बेडफर्डशरमधल्या ओल्ड वॉर्डन विमानतळावर शटलवर्थ संग्रहाचं १९०९ चं ब्लेरिओ आहे. हवा अगदी शांत असेल तेव्हाच ते बाहेर काढतात, आणि तेव्हाही धावपट्टीवरून सरळ रेषेत बुटकी उड्डाणं तेवढी करवतात.

ऑटोजायरोला मात्र हवा पडलेली असली की रोटर फिरवत बसावं लागतं. ताशी १५-२० किलोमीटरचा एकसारखा वारा असला की तो खुशीत असतो. म्हणून दिवसाचं वेळापत्रक वाराच ठरवतो. सकाळी दुपंखी विमानं आणि ज्युनियर ६०, दुपारी वारा वाढून ती सावलीत गेली की ऑटोजायरो, आणि संध्याकाळी वारा पडला की पुन्हा जुनी विमानं. दिवसभर आकाश रिकामं राहत नाही. नवख्यांना माझं सांगणं आहे की दिवसभर थांबा; फक्त दुपारी येऊन गेलात तर अर्धाच मेळावा पाहिलात.

माझा ऑटोजायरो टेकऑफला प्रत्येक वेळी एकाच बाजूला कलंडतो. का?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न. दहापैकी नऊ वेळा उत्तर एकच: रोटरने पुरेसा वेग घेण्याआधी तुम्ही थ्रॉटल उघडला, म्हणजे मोटरचा जोर वाढवला.

रोटर वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो असं धरा. मॉडेल पुढे जाताना उजवीकडचं पातं वाऱ्यावर चाल करून जातं, डावीकडचं वाऱ्यासोबत मागे येतं. उजव्या पात्याला जास्त हवा मिळते, डाव्याला कमी. रोटर वेगात असेल तर बिजागरी किंवा लवचीक पट्टी हा फरक सांभाळते: उजवं पातं वर उचललं जातं आणि त्याची उचल कमी होते, डावं खाली बसतं आणि त्याची उचल वाढते. पण रोटर मंद असताना मॉडेल जोरात पळालं तर डावं पातं स्टॉल होतं, उचल संपते आणि मॉडेल डावीकडे पडतं. तुमचा रोटर काट्यांच्या दिशेने फिरत असेल तर हेच उजवीकडे होईल. मॉडेल नेहमी मागे येणाऱ्या पात्याच्या बाजूला पडत असेल, तर रोग हाच आहे. ट्रिम (रेडिओवरची बारीक जुळवणी) बदलून तो बरा होत नाही.

उपाय धीराचा आहे. मॉडेल बरोबर वाऱ्याच्या तोंडाला उभं करा. रेडिओची स्टिक पूर्ण मागे, म्हणजे रोटर मागे कलेल. हाताने योग्य दिशेला फिरवून द्या. मग थोडाच थ्रॉटल देऊन मॉडेल हळू पळू द्या. रोटर वेग घेतो तसा त्याचा आवाज बदलतो. आधी पात्यांची सुटी सुटी फडफड ऐकू येते, मग एकसंध घरघर. ती घरघर ऐकू येईपर्यंत थ्रॉटल आणखी वाढवायचा नाही. वारा नसेल तर धावणं लांबवा. तरीही कलंडत असेल तर मग पात्यांचे कोन, वजन आणि हेडचा कल तपासायला घ्या.

खऱ्या सी-३० मध्ये हीच अडचण वेगळ्या रीतीने सोडवली होती. जमिनीवर असताना इंजिनातून एका दांड्याने रोटर आधी फिरवून घ्यायचा आणि उड्डाणापूर्वी क्लच सोडायचा. काही मॉडेलांत रोटर फिरवायला छोटी मोटर लावतात. नवशिक्याने त्याच्या मागे लागू नये. हाताने फिरवून, कानाने ऐकून शिकलेला माणूस पुढे कोणत्याही ऑटोजायरोवर घाबरत नाही.

पाती घरी करता येतात का?

येतात, आणि करावीच. कडक बाल्साची (वजनाला हलक्या लाकडाची) फळी, पुढच्या कडेला स्प्रूस किंवा पाईनची पट्टी, तळ सपाट, वरची बाजू गोलसर घासलेली. पुढची कड जड असणं महत्त्वाचं, कारण पात्याचा समतोल रुंदीच्या पुढच्या पाव हिश्श्याच्या आसपास यावा लागतो. तो मागे गेला तर पातं हवेत फडफडू लागतं आणि मॉडेल संपतं.

तिन्ही पाती वजनाला सारखी हवीत. सोनाराकडे असतो तसा ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. नुसतं वजन जुळून पुरत नाही, प्रत्येक पात्याचा लांबीतला समतोलबिंदूही एकाच अंतरावर आला पाहिजे. फरक असेल तर टोकाकडे टेपचा तुकडा लावून जुळवतात. मग टोकांना वेगवेगळ्या रंगांची टेप लावून रोटर फिरवायचा आणि बाजूने पाहायचं. एखादा रंग वेगळ्या उंचीवर दिसला तर त्या पात्याचा कोन दुरुस्त करायचा. सपाट तळाची पाती सहसा एक-दोन अंश उणे कोनात बसवतात. पुढची कड जराशी खाली आहे हे पाहून नवखे लोक चक्रावतात, पण ते बरोबर असतं. रोटर त्यामुळेच लवकर वेग घेतो.

मेळाव्याला येताना पात्यांचा एक जादा जोड आणा, जमल्यास दोन.

गुरुत्वमध्य कुठे हवा?

विमानासारखं पंखाखाली बोट धरून तपासता येत नाही. मॉडेल रोटर हेडच्या बोल्टला दोरी बांधून लटकवायचं, बॅटरी आणि सगळा रेडिओ आत असताना. नाक साधारण ५ ते १० अंश खाली झुकलं पाहिजे. बाजूनेही बघा, एक चाक वर एक खाली लटकत असेल तर वजन सरकवा. अचूक आकडा आराखड्यावर दिलेला असेल तर तोच पाळा.

ऑटोजायरो लूप मारतो का? उलटा उडतो का?

लूप, म्हणजे हवेत उभा गोल, मारतो. १९३१ मध्ये जॉनी मिलर या अमेरिकी वैमानिकाने पिटकेर्न या अमेरिकी कंपनीच्या ऑटोजायरोचा लूप करून दाखवला होता. मॉडेलानेही जमतो, पण संपूर्ण लूपभर रोटरवर वजन राहिलं पाहिजे.

उलटा मात्र कधीच नाही, आणि स्टिक पुढे झटकून नाक खाली दाबणंही नाही. रोटर फिरतो तो त्याच्यावर वजन असतं म्हणून. नाक दाबलं की क्षणभर मॉडेल बिनवजनाचं होतं, रोटरचा वेग उतरतो आणि एकदा उतरलेला वेग परत मिळवायला उंची उरत नाही. खाली यायचं असेल तर थ्रॉटल कमी करा, बाकी तो स्वतः करतो. मागून प्रोपेलर असलेल्या मॉडेलांत ही काळजी दुप्पट घ्यायची.

पहिलं मॉडेल म्हणून ऑटोजायरो घेऊ का?

माझं प्रामाणिक मत: नको. आधी उंच पंखांचं, सावकाश विमान. ज्युनियर ६० सारखं मॉडेल उत्तम. स्वतःकडे येणाऱ्या मॉडेलाचं डावं-उजवं हाताला पाठ झालं, वाऱ्यात उतरवता आलं, की मग ऑटोजायरो. त्यातही पहिला ऑटोजायरो तीन पात्यांचा, पुढे प्रोपेलर असलेला आणि शक्य तर आखूड पंखांचा घ्या. १९३० च्या सुमाराच्या पिटकेर्न पीसीए-२ ला असे पंख आणि त्यांवर एलेरॉन होते, त्यामुळे त्याची मॉडेलं नवख्याला समजून घेतात. याच जातीच्या यंत्रातून ८ एप्रिल १९३१ रोजी अमेरिकी वैमानिक अमेलिया इअरहार्टने १८,४१५ फुटांची उंची गाठली होती. त्याच महिन्यात एक पीसीए-२ व्हाइट हाउसच्या हिरवळीवरही उतरलं होतं.

रोटर कलवून चालणारं सी-३० दुसरं किंवा तिसरं मॉडेल म्हणून करा. मूळ रोटरचा व्यास ३७ फूट, म्हणून एकदशांश प्रमाणात तो सुमारे १.१३ मीटर येतो, गाडीत सहज मावणारा. बांधताना शेपटीकडे नीट बघा: सी-३० च्या आडव्या शेपटीची एक बाजू मुद्दाम उलट्या वक्रतेची आहे, प्रोपेलरने यंत्र एका अंगाला पिळू नये म्हणून. अशी बारीकशी गोष्ट मॉडेलात उतरवणाऱ्याभोवती मेळाव्यात गर्दी जमते.

मॉडेलं खऱ्या विमानांपेक्षा फार वेगाने उडतात असं का वाटतं?

बहुतेक वेळा ती खरोखरच फार वेगाने उडवली जातात. हिशेब असा. मॉडेल एकचतुर्थांश असेल तर त्याचं वजन मूळच्या ६४ व्या हिश्श्याएवढं आणि वेग मूळच्या निम्मा असायला हवा. टायगर मॉथचा पंखविस्तार ८.९४ मीटर आणि भरलेलं वजन जास्तीत जास्त ८२८ किलो. एकचतुर्थांश मॉडेल म्हणजे सव्वादोन मीटर आणि सुमारे १३ किलो. त्यापेक्षा हलकं झालं तर आणखी सावकाश, आणखी खरं दिसेल. एवढ्या मोठ्या मॉडेलाला मोटर लहान लावा आणि वळणं मोठी घ्या.

दुपंखी विमान वळवताना सुकाणू विसरू नका. टायगर मॉथचे एलेरॉन फक्त खालच्या पंखांना आहेत, आणि जुन्या विमानांत नुसता एलेरॉन दिला की नाक आधी उलट्या बाजूला ओढलं जातं. आधुनिक मॉडेलांवर शिकलेल्यांचा सुकाणू चालवणारा डावा अंगठा आळशी झालेला असतो. टायगर मॉथ तो आळस लगेच उघडा पाडतो. उतरल्यावर वाऱ्याने शेपूट फिरते ती वेगळीच.

मैदानात एवढा औषधासारखा वास कसला?

ईथरचा. १९४०-५० च्या दशकांतली छोटी डिझेल इंजिनं अजून चालवतात. त्यांना स्पार्क प्लग नसतो. हवा आणि इंधन इतकं दाबलं जातं की आपोआप पेट घेतं. इंधन म्हणजे साधारण सारख्या भागात ईथर, रॉकेल आणि एरंडेल. हो, आपलं तेच एरंडेल. इंजिनाच्या डोक्यावरचा स्क्रू फिरवून दाब कमी-जास्त करायचा आणि प्रोपेलर बोटाने फिरवून चालू करायचं. ज्यांना हे जमतं त्यांना बघत राहावं. ईथर भयंकर ज्वालाग्राही आहे, त्यामुळे अशा टेबलाजवळ सिगारेट तर नाहीच.

बाकीचे बहुतेक आता विजेवर उडतात. ऑटोजायरोसाठी वीज उत्तम, कारण कमी थ्रॉटलवर मोटर बंद पडत नाही.

जुना रेडिओ चालेल का?

ब्रिटनमध्ये मॉडेल विमानांसाठी ३५ मेगाहर्ट्झ पट्टा आहे. तो वापरणाऱ्याने फलकावर आपल्या वाहिनीची खुंटी लावूनच ट्रान्समीटर चालू करायचा. एकाच वाहिनीवर दोघांनी चालू केलं तर एकाचं मॉडेल पडणार. आता जवळपास सगळे २.४ गिगाहर्ट्झवर आहेत, तिथे हा धोका नाही. त्याहून जुने, एकाच वाहिनीचे आणि रबराच्या पिळावर सुकाणू हलवणारे संच मुद्दाम जपून उडवणारे लोकही भेटतात. १९५४ मध्ये रेडिओ क्वीन नावाच्या मॉडेलाने तशाच काळातल्या यंत्रणेवर इंग्लिश खाडी पार केली होती.

ब्रिटनमध्ये उडवायला परवाना लागतो का?

लागतो. मॉडेल विमानं आणि ड्रोन यांना एकच कायदा आहे. १ जानेवारी २०२६ पासून १०० ग्रॅम किंवा त्याहून जड काहीही उडवायचं तर फ्लायर आयडी हवा. त्यासाठी नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाची मोफत ऑनलाइन परीक्षा असते. मॉडेलाच्या मालकाला ऑपरेटर आयडी घ्यावा लागतो आणि तो क्रमांक मॉडेलवर चिकटवावा लागतो. ऑपरेटर १८ वर्षांवरचाच. मुलांना फ्लायर आयडी मिळतो.

मेळाव्यात त्याखेरीज विमा विचारतात. ब्रिटिश मॉडेल फ्लाइंग असोसिएशनचं सभासदत्व घेतलं की तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा त्यात येतो. प्रेक्षकांसमोर उडवायचं असेल तर बहुतेक ठिकाणी त्यांचं उडवण्याच्या कौशल्याचं ‘बी’ प्रमाणपत्रही लागतं. कटकट वाटली तरी ‘ए’ आणि मग ‘बी’ देऊन टाका. परीक्षक सहसा क्लबातलाच एखादा जाणता माणूस असतो आणि त्या अर्ध्या तासात बरंच शिकायला मिळतं.

नुसतं बघायला यायचं तर कुठे?

ओल्ड वॉर्डन हे माझं पहिलं उत्तर. मॉडेलांचे मेळावे तिथे अनेक वर्षं भरत आले आहेत, आणि शेजारच्या हँगरमध्ये खरी विमानं असतात. ज्याचं मॉडेल सकाळी उडताना पाहिलं ते खरं विमान दुपारी हाताच्या अंतरावर बघायला मिळतं. जवळचं स्टेशन बिगल्सवेड, तिथून टॅक्सी. दुसरं ठिकाण लेस्टरशर-लिंकनशरच्या सीमेवरचं बकमिन्स्टर, असोसिएशनचं स्वतःचं राष्ट्रीय केंद्र. तारखा त्या त्या ठिकाणच्या पानावर पाहूनच निघा.

आजी-आजोबांसाठी घडीच्या खुर्च्या, सर्वांना टोप्या आणि खायचा डबा. जूनमध्येही एक स्वेटर गाडीत असू द्या. उघड्या मैदानावर वारा बोचतो. ‘डेड स्टिक’ असा ओरडा ऐकू आला तर कुणाची तरी मोटर बंद पडली आहे आणि त्याला उतरायला सगळ्यांनी वाट द्यायची आहे, एवढं कळलं तरी पुरे. लहान मुलांना दोरीपलीकडे जाऊ देऊ नका आणि फिरत्या रोटरच्या पातळीत कुणीच डोकं नेऊ नये. लाकडी पातं दिसायला नाजूक असलं तरी गंभीर जखम करतं.

खरे ऑटोजायरो बघता येतील का?

सी-३० लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये, हेंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये आणि डक्सफर्डच्या संग्रहालयातही आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने याच यंत्रांचा उपयोग किनाऱ्यावरच्या रडारचं मोजमाप जुळवून घ्यायला केला. सावकाश, ठरलेल्या जागी घिरट्या घालायला ती सोयीची होती. खाडी ओलांडणारं मूळ सी-८एल पॅरिसजवळ ल बुर्जेच्या संग्रहालयात आहे. मॉडेल बांधणार असाल तर रोटर हेडचे फोटो सर्व बाजूंनी काढून आणा. आराखड्यांत तेच नेमकं अस्पष्ट असतं.

भारतातून येताना मॉडेल आणि बॅटरी विमानात आणता येते का?

मॉडेल सामानात, पाती कडक नळकांड्यात. लिथियम बॅटरी सुटी असेल तर ती हातातल्या सामानातच, टोकं टेपने झाकून. १०० वॉट-तासांपर्यंतची चालते. तीन सेलची २२०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी सुमारे २४ वॉट-तासांची भरते, म्हणजे अडचण नाही. त्याहून मोठी, १६० वॉट-तासांपर्यंतची, विमान कंपनीच्या परवानगीनेच. पूर्ण भरलेली आणू नका, सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा.

महाराष्ट्रात असा मेळावा भरवता येईल का?

येईल, पण जागा निवडण्यात खरी कसोटी आहे. ड्रोन नियम २०२१ मध्ये छंदासाठी, शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी डोळ्यांदेखत उडवलेल्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलांची वेगळी व्याख्या आहे आणि त्यांना प्रकार-प्रमाणपत्राची गरज नाही. हिरव्या क्षेत्रात (सरकारी नकाशावर परवानगी न लागणारा भाग) ४०० फुटांपर्यंत, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत मोकळीक आहे. त्याच्या आत किंवा लाल क्षेत्रात परवानगीशिवाय नाही. नोंदणी आणि वैमानिकाचं प्रमाणपत्र यांचे नियम वजनाप्रमाणे बदलतात, ते सरकारी संकेतस्थळावर ताजे पाहून घ्या. मुंबईत पोलिसांचे मनाई आदेश वरचेवर निघतात आणि त्यांत रिमोटवरच्या विमानांचाही उल्लेख असतो. पुण्याभोवती लोहगावचा हवाई तळ आणि लष्करी संस्था आहेत. त्यामुळे शहरापासून लांबचं माळरान, जमीनमालकाची लेखी परवानगी आणि स्थानिक पोलीस ठाण्याला आधी पत्र, हा सरळ मार्ग.

हवामानाची मात्र आपल्याकडे चंगळ आहे. डिसेंबर-जानेवारीतली सकाळ जुन्या विमानांसाठी इंग्लंडपेक्षा कितीतरी भरवशाची. उन्हं चढली की वारा उठतो आणि ऑटोजायरोंची पाळी येते.

माणसं कुठून मिळतील, असंही विचारतात. एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग शिकवतात आणि त्यांच्या वायु सैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धाही होतात. कॉलेज सोडल्यावर हात थांबलेले असे अनेक जण प्रत्येक जिल्ह्यात असणार. पहिली हाक त्यांनाच द्या.

आपल्या इतिहासातलं एखादं विमान बांधायचं आहे. कोणतं?

तीन सुचवतो. पहिलं, पस मॉथ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला उतरले ते याच विमानातून. उंच पंखांचं, सरळ रेषांचं आणि उडायला समजूतदार. एकषष्ठांश प्रमाणात पंखविस्तार सुमारे १.८७ मीटर येतो.

दुसरं, वेस्टलँड वापिटी. भारतीय हवाई दलाच्या पहिल्या तुकडीची ही विमानं, १९३३ पासूनची. दुपंखी, तारांनी भरलेलं, कामाचा डोंगर. अनुभवी माणसाने घ्यावं. मूळ विमान दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात आहे.

तिसरं माझ्या मनातलं: हिंदुस्तान एअरक्राफ्टचं एचटी-२. डॉ. वि. मा. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली आकाराला आलेलं आणि १९५१ मध्ये उडालेलं, स्वतंत्र भारतात आखलेलं प्रशिक्षण विमान. घाटगे जर्मनीत ग्योटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांट्लकडे शिकले होते. भारतीय वैमानिकांच्या कित्येक तुकड्या या विमानावर घडल्या. इंग्लंडच्या मैदानात टायगर मॉथ प्रत्येक मेळाव्याला चार-पाच दिसतात, एचटी-२ मला एकदाही दिसलेलं नाही. खाली पंख, एकामागे एक दोन आसनं, चाकं न मिटणारी. मॉडेलासाठी सोयीचं सगळं त्यात आहे. कुणी बांधायला घेतलं तर बाल्सा कापायला, फॉर्मर (धडाला आकार देणाऱ्या आडव्या चौकटी) घासायला, मी येईन.

मेळाव्याच्या दिवशी पाऊस असला तर?

रद्द होईलच असं नाही. रिमझिम थांबेपर्यंत लोक तंबूत रोटर हेड उघडून बसतात आणि चहा चालू राहतो. लांबून येणार असाल तर आदल्या संध्याकाळी आयोजकांची सूचना पाहा, आणि ट्रान्समीटर झाकायला प्लास्टिकची पिशवी बरोबर ठेवा.